तुम्ही लॅपटॉपवर करता काय?

नवा लॅपटॉप घ्यायचाय म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "पण तुम्ही करता काय त्याच्यावर?" खरं सांगायचं तर मी लोकांच्या लग्नपत्रिकांचे आणि सत्काराच्या मानपत्रांचे मसुदे लिहितो, विजेचं बिल बघतो आणि उरलेला वेळ पत्ते खेळतो. हे ऐकून कुठलाही दुकानदार काचेच्या कपाटाची किल्ली काढणार नाही. म्हणून मी चेहरा गंभीर करून "लेखन" असं सांगतो.

जुन्याला काही झालेलं नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती याच्यात नाही. माणूस ठणठणीत, चालतोय, बोलतोय, पण हयातीचा दाखला मिळत नाही, तशी याची अवस्था. विंडोज सोडायचंच असेल तर हाच मुहूर्त, असं घरात ठरलं. माझ्या गैरहजेरीत.

आमच्या उरणात सल्ला मागावा लागत नाही. पुण्याहून मुलीचा फोन आला, "बाबा, मॅक घ्या, दहा वर्षं बघायला नको." बायकोनेही मॅकलाच मत दिलं, पण कारण वेगळं. मॅकबुक एअरला पंखाच नसतो हे तिने कुठेतरी ऐकलं होतं, आणि आमचा लॅपटॉप रात्री पत्त्यांच्या ऐन डावात पिठाच्या गिरणीला मागे टाकतो. पुतण्या कंटेनर यार्डात नोकरीला. तो म्हणाला, "काका, आख्ख्या देशाचा माल आपल्या बंदरात उतरतो नि तुम्ही लॅपटॉप घ्यावला मुंबईला चाललाव?"

बंदर आपलं, हे खरंच. १९८९ पासून न्हावाशेवा चालू आहे. पण उरणकराला कंटेनर दिसतो तो बाहेरून, तोही ट्रेलरमागे तासभर अडकून पडल्यावर. आत लॅपटॉप आहेत की लसूण, हे कस्टमवाल्यांना ठाऊक. त्यातही ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवाना सक्तीचा केला आणि दुसऱ्याच दिवशी ती सक्ती १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. सरकारचं इतक्या चटकन मन बदलतं, मग मला एक लॅपटॉप ठरवायला महिनोन्महिने लागले तर घरच्यांनी का बोलावं?

माझी अडचण मात्र कोणाच्या सल्ल्यात बसत नव्हती. माझी सगळी जुनी मानपत्रं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. त्या काळी मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेले आपले क, ख, ग. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजीच असायचं, मराठी दिसायचं ते फाँटच्या कृपेने. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की माजी सरपंचांच्या गौरवात पौंडाची चिन्हं आणि टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं अवतरतात. मुलीच्या मॅकवर एकदा उघडून पाहिलं. सरपंच फ्रेंच वाटत होते.

शिवाय बोटांचं काय करायचं? विंडोजवर कंट्रोल दाबून कॉपी करायची सवय, मॅकवर त्यासाठी कमांड. त्या कमांडच्या कळीवर चार कोपऱ्यांना वेटोळी असलेलं चिन्ह असतं, ते मॅकसाठी निवडलं सुझन केअर या चित्रकर्तीने. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशची चिन्हंही तिचीच. आणि पुढे १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर जे पत्ते आले, त्या पत्त्यांची चित्रंसुद्धा तिनेच काढली! म्हणजे आधीची कितीतरी वर्षं मी विंडोजशी एकनिष्ठ राहून रोज रात्री मॅकवाल्या बाईंचे राजाराणी फिरवत होतो. हे कळल्यावर पक्षांतराबद्दलची माझी टोचणी बरीच कमी झाली. मग पाहिलं तर मॅकबरोबर येतं बुद्धिबळ. ते खेळायला डोकं लागतं, आणि रात्री साडेदहानंतर माझं डोकं कामावर नसतं.

शेवटी मुंबईत संगणकांच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जायचं ठरलं. १२ जानेवारी २०२४ ला उरणच्या लोकलचं उद्घाटन झालं, अटल सेतूचंही त्याच दिवशी. पण मला मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँचच आवडते. ओहोटीला ती बंद असते, हा तिचा मोठा गुण. खरेदी टाळायला इतकं सभ्य कारण दुसरं नाही.

ओहोटी अशीच चालू असताना शेजारचे काका आले. ओएनजीसीतून निवृत्त, आणि निवृत्तीनंतर लिनक्सचे कट्टर. "नवा कशाला घेताय? याच्यावरच टाकून देतो, फुकट आहे," म्हणाले आणि पेनड्राइव्ह काढला. चहा संपेपर्यंत विंडोज गेलं होतं. बायको पंख्याचा आवाज ऐकत दारात उभी होती. तो किंचित उतरला, असं तिने नाइलाजाने कबूल केलं. काकांनी जुना फाँट चढवला आणि सरपंच पुन्हा मराठीत आले. मग उत्साहाने सगळ्या फाइली युनिकोडमध्ये फिरवल्या. त्यात पहिल्या वेलांट्या एकेक घर सरकल्या आणि एका लग्नाच्या जेवणाच्या यादीत 'मिरची'ची 'मरिची' झाली, सप्तर्षींपैकी एक ऋषी पाव किलो.

"आता सांगा, अजून काय लागतं तुम्हाला?" काकांनी विचारलं. बायको चहाचे कप घेऊन आत गेल्याचं बघून मी हळूच सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आईलरायट नावाचा पत्त्यांचा खेळ बसवून दिला आणि खुर्ची जवळ ओढली. त्यात एकट्याने खेळायचे ऐंशीच्या वर डाव आहेत. काका हल्ली रोज जेवण झालं की येतात, आणि कुठला डाव लावायचा यावर आमचं साडेअकरापर्यंत एकमत होत नाही.