गळतीतज्ज्ञ नाना

नानांना थंडी वाजत नाही. निदान तसं त्यांनी आजवर कधी कबूल केलेलं नाही. डिसेंबरात सारं पुणं कानटोपीत शिरतं, तेव्हा नाना नुसत्या बनियनवर गॅलरीत उभे राहून सांगतात, "ही काय थंडी? थंडी पडली होती ती १७ जानेवारी १९३५ला. शिवाजीनगर, १.७ अंश!" त्या वेळी नानांचा जन्मही झाला नव्हता; पण सांगण्याचा थाट असा, की हवामान खात्याच्या सिमला ऑफिसातला तापमापक त्या पहाटे त्यांनीच धरून ठेवला होता.

पोटच्या पोरांना त्यांनी "अंगाला सवय लागू दे" म्हणत सतरंजीवर वाढवलं. अशा बापाच्या घरी म्हातारपणी कुत्रा आला, की काय होतं ते पाहण्यासारखं असतं.

टिल्लू डॅशहुंड आहे. लांबी भरपूर, उंची नाममात्र, अंगावरचे केस आखूड आणि पोट जवळजवळ फरशीला टेकलेलं. एका सकाळी तो जरासा थरथरला आणि नानांमधला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता खडबडून जागा झाला.

टिल्लूसाठी बिछाना घ्यायला दोघे दुकानात गेले. तिथल्या पोराने आधी गुबगुबीत, केसाळ, गोल बिछाना पुढे केला. नानांनी त्यात मूठ दाबली. मूठ थेट काउंटरला टेकली. "कुत्रा बसल्यावर हा फोम उरणार कुठे?" पोराने विजेवर तापणारी चटई काढली. "वायर चावली तर? आणि झोपेत एकाच जागी शेकून कातडी भाजली, तर तक्रार कोण करणार? हा?" टिल्लूने या मुद्द्यावर जांभई दिली. मग नानांनी त्या पोराला मूलभूत सिद्धांत समजावला. "गादी ऊब देत नसते, बाळा. ऊब कुत्र्याची स्वतःची. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट! आपल्याला जो ताप, ते यांचं रोजचं. धरण भरलेलंच आहे. प्रश्न फक्त गळतीचा आहे. आणि गळती वरून नाही, खालून, फरशीतून होते."

तिथून स्वारी गादी कारखान्यात. सोबत आलेख-कागदावर काढलेला नकाशा. फरशीपासून दोन बोटं वर फळी, त्यावर घट्ट फोम, वर लोकरीचा थर. तीन बाजूंना कठडा, चौथी मोकळी. कारण या जातीला मणक्याचं दुखणं लवकर जडतं, उडी मारायला लावायची नाही. खोळ चेनची, धुता येईल अशी. मांडणी वाऱ्याच्या झोतात नाही, दारासमोर नाही. गादीवाल्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि कौतुकाने विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"

"आठ वर्षांचं," नाना म्हणाले.

गादीवाल्याने पुढे काही विचारलं नाही. आगाऊ रक्कम मात्र घेतली.

या साऱ्या काळात नानी गप्प होत्या. त्यांच्या रजाईतला कापूस कधीचाच पायथ्याशी गोळा झालेला आहे. दर हिवाळ्यात त्या नव्या रजाईचा विषय काढतात आणि दर हिवाळ्यात उत्तर मिळतं, "विद्यमान रजाईची आयुर्मर्यादा अद्याप संपलेली नाही."

रात्री अंतिम मोजणी झाली. नाना गुडघे टेकून, चष्मा कपाळावर चढवून टिल्लूच्या अंगावरून टेप फिरवत होते. "नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत. वर वीतभर सैल, पाय पसरायला. लिहून घे गं."

नानींनी आकडा लिहिला. पेन खाली ठेवलं. मग टिल्लूच्या शेजारी चटईवर सरळ आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "टेप हातात आहे तोवर माझंही माप घेऊन टाका. मला शेपूट नाही, तेवढीच खात्याची बचत."