बायोडाट्यातलं डिक्लेरेशन कुणी पळवलं?

शिव शिव शिव! हुलसुरात आता बायोडाटासुद्धा माणूस लिहीत नाही म्हणे. बसवकल्याणपासून फुटून आमचा वेगळा तालुका झाला, तेवढ्यावर पोरांनी समाधान मानावं की नाही? पण सगळ्यांना वेध पुण्या-हैदराबादेचे. त्यासाठी मोबाइलवर एक यंत्र आलंय. एका चौकटीत आपला बायोडाटा टाकायचा, दुसरीत कंपनीची जाहिरात. तिला ही मंडळी लाडानं ‘जेडी’ म्हणतात. आमच्या एका मावशींना आठवडाभर ती कुणी मुलगीच वाटत होती. बटण दाबलं की जाहिरातीतले शब्द तुमच्याच आयुष्यात पेरून नवाकोरा बायोडाटा तयार. वर शंभरापैकी किती जुळले त्याचे गुणही! छत्तीसातले अठरा जुळले तरी लग्न उरकणारे आम्ही, आणि इथं पोरगा सत्तर पडले म्हणून तोंड पाडून बसतो.

गल्लीतल्या एका पोराचं प्रकरण तर फारच पुढं गेलंय. उन्हाळ्यात ऑनलाइन सेंटरवर बसून त्यानं लोकांचे फॉर्म भरले. यंत्रानं त्याचं ‘डिजिटल सर्व्हिस डिलिव्हरी’ केलं. बापाच्या किराणा दुकानात तूर-हरभऱ्याची पोती मोजायचा, ते ‘इन्व्हेंटरी मॅनेजमेंट’. बापानं चष्मा लावून वाचलं नि विचारलं, “आपलं गोडाऊन कुठाय रे?”

बरं, वाढवलं ते वाढवलं. काढलं काय काय ते ऐका. फोटो काढला, बापाचं नाव काढलं, धर्म-जात काढली, ‘छंद : वाचन, क्रिकेट’ काढलं, हौसेनं आखलेले रकाने मोडले. का, तर मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी ‘एटीएस’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या तोंडी जातो आणि फोटो-रकान्यांत त्याचा म्हणे गोंधळ होतो. आणि सगळ्यात कहर, तळाचं डिक्लेरेशन गायब! ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’, खाली स्थळ, दिनांक, सही. ते एकच वाक्य लिहिताना आमच्या पिढीचा हात जरा थरथरायचा. यंत्र म्हणतं, जागा वाया जाते.

आमच्या मुलखात अर्जाला वजन कशानं येतं, हे त्या यंत्राला कुणी सांगायचं? निजामाच्या राज्यात पहिला प्रश्न असे, मुल्की की गैरमुल्की, म्हणजे इथला की बाहेरचा? 1919 च्या फर्मानानं मुल्की कोण ते ठरवून दिलं आणि सरकारी नोकरीचं दार तिथंच उघडायचं किंवा मिटायचं. आता 371-जे आहे. 2012 च्या 98 व्या घटनादुरुस्तीनं आलेलं हे कलम, त्यावर कल्याण कर्नाटकातल्या नोकऱ्यांतलं स्थानिकांचं आरक्षण. त्यासाठी स्थानिक असल्याचा दाखला लागतो, आणि तो मिळवायला शाळेचे, रहिवासाचे कागद घेऊन हेलपाटे मारावे लागतात. तिथं पेरून दाखवा म्हणावं शब्द! एवढा एक कागद अजून शाबूत आहे, नाहीतर लाज राखायला काही उरलं नसतं.

कुणी शहाणा म्हणेल, मालकाला हवं तसं लिहिणं जुनंच आहे. असेल. लिओनार्दो दा विंचीनं 1482 च्या सुमाराला मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिलं, त्यात पूल, तोफा, सुरुंग, चिलखती गाड्या अशी कलमांमागून कलमं; चित्रं काढतो हे आपलं शेवटी, जाता जाता. मालकाला लढाया करायच्या होत्या ना! म्हणजे जेडी बघूनच लिहिलं. पण निदान माणसानं लिहिलं हो. इथं अर्ज यंत्र लिहितं, तिकडं यंत्र वाचतं. काही बहाद्दर पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवतात. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. 2025 मध्ये चक्क शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांत अशा लपवलेल्या ओळी सापडल्या, ‘चांगलंच लिही’ असं परीक्षक यंत्राला सांगणाऱ्या. तिथं आमच्या पोरांना काय बोलायचं!

आता नवी साथ आलीय. दुसऱ्याचं यंत्र वापरणं मागासलेपणाचं. स्वतःचं बनवायचं आणि त्याची माहितीपुस्तिका लिहायची. किराणावाल्याचा तोच पोरगा रात्री दोनला जागा. त्याच्या अक्कानं विचारलं, “काय करलालास रे?” म्हणे, “डॉक्युमेंटेशन लिहलालाव.” मी पाहिलं ते. यंत्र कसं बसवायचं, अर्धं पान. जाहिरातीतले शब्द कसे वेचायचे, एक पान. आणि सावधगिरीच्या सूचना चार पानं! यंत्र कधीकधी न केलेली नोकरीही लिहून टाकतं, न घेतलेली पदवीही देतं, तेव्हा पाठवण्याआधी ओळन् ओळ वाचावी. अहो, ओळन् ओळ वाचायची तर आपणच लिहिली असती की!

एवढा खटाटोप का, तर ‘स्वतः यंत्र बनवलं’ ही बायोडाट्यातली पहिली ओळ व्हावी म्हणून. परवा त्यानं भालकीकडं हिशोबनिसाच्या जागेसाठी अर्ज केला. बायोडाटा आपल्याच यंत्रात घातला. यंत्रानं जाहिरात वाचली, टॅली वर घेतलं, त्याला येणाऱ्या चारही भाषा ठेवल्या आणि स्वतःचीच ओळ ‘असंबद्ध’ म्हणून उडवली. इन्व्हेंटरी मॅनेजमेंट मात्र ठळक अक्षरांत. आणि कॉल आलाय म्हणे! इंटरव्ह्यूत गोडाऊनचं विचारलं तर काय सांगायचं, यावर सध्या बाप-लेकांची मसलत चालू आहे.