टीआरपीसाहेब, आम्हालाही मोजा!

राजमान्य राजेश्री टीआरपीसाहेब यांसी,
कुपवाडहून एका मालिकाप्रेमीचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दर गुरुवारी आपण अवतरता आणि कोणती मालिका तरली, कोणती बुडाली, याचा निवाडा देता. तोही आम्हाला काडीची तसदी न देता! आभारी आहोत.

टीव्ही रेटिंगच्या नियमांविषयी सरकारनं जुलै 2025 मध्ये काढलेल्या मसुद्यानुसार देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 23 कोटी आणि पाहणं मोजणारे आपले मीटर सुमारे 58,000. चार हजार घरांमागे जेमतेम एक. बाकीच्यांना आपण मत देण्याच्या कष्टांतून सोडवलंत. हे उपकार कसे फेडावेत?

कुपवाड एमआयडीसीतला सेकंड शिफ्टचा कामगार रात्री अकरानंतर घरी येतो आणि आठची मालिका जेवताना फोनवर बघतो, मधल्या जाहिरातींसकट. मिरजेच्या दवाखान्यातली नर्स नाइट ड्यूटी संपवून सकाळी तोच भाग अ‍ॅपवर बघते. आपल्या वहीत दोघांचीही पाटी कोरी. दमल्याभागल्यांना त्रास नको म्हणून नोंदच घ्यायची नाही, केवढी ही माया!

‘लागिरं झालं जी’ या मालिकेनं 2017 मध्ये साताऱ्याची बोली घरोघरी नेली. गावाकडची बोली पडद्यावर चालते. आमचं उशिराचं पाहणं मात्र आपल्या पंक्तीला चालत नाही. सोवळं पाळावं तर आपणच!

आकडा घसरला की आपले भक्त, म्हणजे वाहिन्या, हवालदिल होतात. आधी मालिकेची वेळ बदलते, मग जाहिरातीचा दर उतरतो, मग थेट शेवटचा भाग. प्रेक्षक कुठे गेलेला नसतो, टीव्हीपुढून उठून फोनकडे वळलेला असतो. एवढी बारीकसारीक चौकशी आपल्यासारख्या थोरांनी का करावी?

परदेशातले आपले भाऊबंद फारच चिकित्सक. अमेरिकेत नील्सन या मोजणी संस्थेनं 2007 पासून तीन दिवसांत मागाहून पाहिलेल्या जाहिरातीही हिशेबात धरल्या. ब्रिटनची बार्ब ही संस्था सात दिवस थांबून आकडा पक्का करते, 2018 पासून फोन-टॅबलेटवरचं पाहणंही त्यात मिळवते. आपण अशा भानगडीत पडला नाहीत, धन्य आपला बाणा!

आता सरळ सांगतो. अ‍ॅप आणि मोबाईलवरचं पाहणं सध्याच्या मोजणीत येत नाही, हे त्याच सरकारी मसुद्यात लिहिलं आहे. मग मोजा. टीव्हीवरचं आणि अ‍ॅपवरचं, सात दिवसांतलं सगळं पाहणं तटस्थ संस्थेनं एकत्र मोजून जाहीर करावं. रात्रपाळी करणारा माणूसही प्रेक्षकच आहे. त्याला वगळून काढलेला आकडा महाराष्ट्राची आवड सांगत नाही.

कळावे, लोभ असावा.
आपल्या हिशेबात नसलेला,
एक प्रेक्षक, कुपवाड