कमी बघणारा कॅमेरा

दुकानासाठी कॅमेरे घेताना आपला व्यापारी दोनच प्रश्न विचारतो. पहिला, ‘किती मेगापिक्सेल?’ आणि दुसरा, ‘मोबाइलवर दिसेल ना?’ दोन्हींची उत्तरं विक्रेत्याकडे तयार असतात आणि ती ऐकून दोघेही समाधानाने चहा घेतात. मग दुकानाच्या चार कोपऱ्यांत चार पांढरे घुमट लागतात, गल्ल्यामागे मोठा टीव्ही लागतो, आणि पहिले आठ दिवस मालक समोरच्या गिऱ्हाइकाकडे न बघता टीव्हीतल्या गिऱ्हाइकाकडे बघतो. नवव्या दिवशी त्याचं बघणं थांबतं. कॅमेरे मात्र बघत राहतात. नेमकं काय बघायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून ते सगळंच बघतात, आणि प्रसंग आला की त्यांना काहीच सांगता येत नाही. माझं म्हणणं थोडं उरफाटं वाटेल, पण ते असं आहे: दुकानाच्या आत लावायचा कॅमेरा जितका कमी बघेल तितका चांगला.

पुरावा म्हणून आधी या कॅमेऱ्यांच्या मूळपुरुषालाच बोलावतो. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला. लांबच्या खोल्यांतून जिने चढून यावं आणि भांडं रिकामं निघावं, हा अन्याय त्यांना सोसवेना. कॅमेऱ्याचं चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, तेही करड्या रंगात. आजच्या साध्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्यात त्याच्या सव्वाशे पट ठिपके असतात. तरीही १९९३ साली वेबवर आल्यानंतर त्या भांड्याने जगभर नाव कमावलं आणि २००१ साली निवृत्त होईपर्यंत आपलं काम चोख केलं. याचं श्रेय ठिपक्यांना देता येणार नाही. त्या कॅमेऱ्याला एकच प्रश्न विचारलेला होता, ‘कॉफी आहे का?’, आणि त्याचं उत्तर देता येईल इतक्याच जागेवर त्याची नजर होती. आपल्याकडे आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो, आणि प्रश्न असतो ‘काय चाललंय?’ या प्रश्नाचं उत्तर आजवर माणसांनाही नीट देता आलेलं नाही.

आता हिशेब. कॅमेऱ्यात माणूस कितपत ओळखू येईल याचं आंतरराष्ट्रीय मानक २०१४ पासून छापील स्वरूपात आहे आणि ते मेगापिक्सेलबद्दल नाही. ते विचारतं की चित्रातल्या एका मीटर रुंदीच्या वाट्याला किती पिक्सेल आले. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार २५ आले तर कोणीतरी आहे एवढं कळतं. साडेबासष्ट आले तर कपडे आणि वावर कळतो. १२५ आले तर आधीपासून ओळखीचा माणूस ओळखता येतो, आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल तर २५० लागतात. समजा, पुण्याच्या लक्ष्मी रोडवर साड्यांचं चाळीस फूट खोल दुकान आहे. मागच्या भिंतीवर दोन मेगापिक्सेलचा, २.८ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा आहे. बाजारात सर्रास मिळतो तोच. त्याचा आवाका साधारण शंभर अंशांचा. म्हणजे चाळीस फुटांवरच्या दारापाशी त्याचं चित्र जवळजवळ २९ मीटर रुंद होतं आणि १९२० पिक्सेल तेवढ्या रुंदीत वाटले जातात. मीटरला ६६ येतात. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी पंधरा-सोळा सेंटिमीटर. त्याच्या नशिबी दहा पिक्सेल. दहा पिक्सेलमध्ये नाक, डोळे, मिशी आणि हेतू बसवायचे असतात. असा कॅमेरा लग्नाला जाऊन आलेल्या दूरच्या मावशीसारखी साक्ष देतो: हॉल मोठा होता, गर्दी खूप होती, कोणीतरी निळ्या शर्टात होतं.

यावर विक्रेता लगेच म्हणेल, मग आठ मेगापिक्सेलचा घ्या की, झूम करून बघा. इथे गणित आपली छोटीशी फसवणूक करतं. दोनाचे आठ मेगापिक्सेल झाले की पैसे कोटेशनप्रमाणे वाढतात, पिक्सेल चौपट होतात, पण ते आडवे-उभे दोन्हीकडे वाटले जात असल्यामुळे रुंदीला फक्त दुप्पट मिळतात. दारापाशी ६६ चे १३२ झाले. म्हणजे चोर ओळखीचा असेल तर ओळखू येईल. ओळखीच्या चोरासाठी इतका खर्च करायची गरज नसते. त्याला आपण बहुधा पगार देत असतो. याउलट, तोच दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा ठेवून लेन्स बारा मिलिमीटरची घेतली तर चाळीस फुटांवर चित्र सहा मीटर रुंद येतं आणि मीटरला ३२० पिक्सेल मिळतात. या कॅमेऱ्याला दाराशिवाय काही दिसत नाही. छत दिसत नाही, पंखा दिसत नाही, पुतळ्यांना नेसवलेल्या पैठण्या दिसत नाहीत. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा मात्र दिसतो. झूम तर नुसतं नाव आहे: रेकॉर्ड झालेल्या चित्राला मोठं केलं की पिक्सेल मोठे होतात, त्यांच्यात नवीन माहिती भरत नाही. सिनेमात पोलीस एका बोटाने आरशातल्या प्रतिबिंबातला गाडीचा नंबर वाचतात, ती लेन्स अजून कोणत्याच दुकानात विकायला आलेली नाही.

जास्त बघण्याची किंमत साठवणुकीतही मोजावी लागते. चार एमबीपीएस वेगाने अखंड रेकॉर्डिंग करणारा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो. असे आठ लावले आणि कोटेशनमध्ये दोन टीबीची डिस्क असेल, तर सहा दिवसही पुरे होत नाहीत. मग रेकॉर्डर जुनं पुसून त्यावर नवं लिहायला घेतो. आता चोरी कळते कधी? दरोडा असेल तर सकाळी शटर उचलतानाच. पण साड्यांच्या दुकानातली खरी चोरी एका खणाची, एका साडीची असते, आणि ती कळते स्टॉक मोजताना. गणपतीत गेलेला माल दिवाळीच्या आधी सापडत नाही, आणि डिस्कवर तर मागचा सोमवारही शिल्लक नसतो. एच.२६५ या पद्धतीने चित्र आवळलं तर जुन्या एच.२६४ च्या जवळपास निम्म्यात काम होतं, हे खरं. हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड करण्याची सोयही असते, पण पंख्याने हलणारा पदर हीसुद्धा कॅमेऱ्याच्या दृष्टीने हालचालच. आठाऐवजी तीन कॅमेरे लावले तर तीच डिस्क दोन आठवडे पुरते, एच.२६५ धरलं तर महिनाभर. बघणं कमी केल्याने आठवण वाढते, हे यंत्राच्या बाबतीत तरी सिद्ध करता येतं.

मेगापिक्सेलच्या आनंदात आणखी एक गोष्ट अंधारात राहते, ती म्हणजे प्रकाश. सेन्सर तेवढाच ठेवून त्यावर चौपट पिक्सेल बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव प्रकाश येतो आणि संध्याकाळच्या चित्रात मुंग्या फिरू लागतात. दुपारी उलट संकट. काचेच्या दारामागे ऊन असलं की आत येणारा प्रत्येक माणूस काळी सावली होऊन येतो, थेट देवदूतासारखा. त्यासाठी उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारा डब्ल्यूडीआर लागतो. जाहिरातीत ‘डिजिटल’ असं हळूच लिहिलेला नव्हे, खरा. शिवाय कॅमेरा छताला टेकवला की तो खाली बघतो आणि दुकानात येणाऱ्यांच्या टकलांचा सविस्तर इतिहास जमा होतो. दाराचा कॅमेरा चेहऱ्यासमोर, थोडाच वर हवा. आणि आतल्या कॅमेऱ्यासाठी ‘आयपी-६७, पाण्यात बुडाला तरी चालेल’ या गुणाचे पैसे मोजू नयेत. दुकानात एवढं पाणी आलं असेल, तर कॅमेऱ्याला काय दिसतंय याची उत्सुकता कोणालाच उरत नाही.

तारेचा प्रश्नही याच तत्त्वाने सुटतो. ‘बिनतारी घ्या, भिंत फोडावी लागत नाही,’ असं सांगितलं जातं. पण बहुतेक बिनतारी कॅमेऱ्यांना विजेची तार लागतेच, आणि ती जिथे खोचलेली असते तो प्लग दिवाळीत माळेसाठी आणि एरवी कोणाच्या तरी मोबाइलसाठी निघतो. पीओई पद्धतीत एकाच नेटवर्क केबलमधून वीज जाते आणि चित्र येतं. २००३ च्या मानकानुसार एका पोर्टमधून १५.४ वॅट आणि केबल १०० मीटरपर्यंत. आतल्या कॅमेऱ्याला एवढं पुरून उरतं. स्विच आणि रेकॉर्डर एकाच यूपीएसवर ठेवले की वीज गेली तरी कॅमेऱ्यांना कळत नाही. तारा ओढायला मजुरी पडते हा आक्षेप रास्त आहे, पण चार-पाच कमी कॅमेऱ्यांची मजुरी आपण आधीच वाचवली आहे.

मग राहतो मोबाइल. महाबळेश्वरला बसून गल्ल्यावरचा मुलगा डुलकी घेतोय का हे बघण्यात जे सुख आहे, ते मी नाकारत नाही. पण जे दार मालकासाठी उघडतं ते इतरांसाठीही किलकिलं राहतं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी फार बुद्धी लागली नाही: कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डांची यादी पुरली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात या फौजेने ‘डाइन’ या कंपनीवर असा हल्ला चढवला की अमेरिकेत ट्विटर-नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडल्या. मालकांना आपला कॅमेरा नोकरीव्यतिरिक्त दुसरीकडेही कामाला जातो याचा पत्ता नव्हता. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हींना सुरक्षिततेची चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा स्वस्तातला माल घेताना ते प्रमाणपत्र मागावं. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच्यादेखत बदलावा, आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क बिलिंगच्या संगणकापासून वेगळं ठेवावं. ट्रायल रूमच्या दिशेने तर कॅमेऱ्याची मानही वळता कामा नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई अशा चित्रणासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं, आणि ‘साहेब, वाइड अँगल होता’ हा बचाव त्यात दिलेला नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. लोक म्हणतात, चेहरा दिसो न दिसो, कॅमेरा बघूनच चोर घाबरतो. मग जास्त लावलेले बरे. हे थोडं खरं आहे. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांमुळे गुन्हे माफक प्रमाणात घटतात असं त्यात दिसलं, आणि सर्वांत ठळक परिणाम आढळला तो गाड्यांच्या पार्किंगमध्ये. यावरून साड्या पार्किंगमध्ये विकाव्यात असा निष्कर्ष काढता येत नाही. पण निव्वळ भीतीच विकत घ्यायची असेल तर तिला मेगापिक्सेल लागत नाहीत. पाटी आणि रिकामा घुमट पुरतो. ज्याला रेकॉर्डिंगसाठी पैसे मोजायचे आहेत, त्याने ते रेकॉर्डिंग उद्या कोणापुढे ठेवायचं याचा विचार करावा.

ते ठेवायचं असतं पोलिसांपुढे आणि कोर्टापुढे, आणि तिथे पुन्हा एकेकच प्रश्न विचारला जातो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर वाद झाला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुरावा म्हणून आलं. चित्रीकरण होतं, त्याला जोडायचं प्रमाणपत्र मात्र मागूनही मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जुलै २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून तीच अट भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आली आहे, सोबत फाइल बदललेली नाही हे दाखवणारं तिचं हॅश मूल्य द्यावं लागतं. त्या सगळ्या वादात कोणी मेगापिक्सेल विचारले नाहीत. प्रश्न वाजले किती हा होता. आपल्या रेकॉर्डरचं घड्याळ मात्र बसवल्या दिवसापासून वीस मिनिटं पुढे असतं, आणि ते दुरुस्त करण्याची किल्ली ज्या मेनूत आहे तिथे बसवणाऱ्यानंतर कोणी गेलेलं नसतं.

तेव्हा कोटेशन मागवण्याआधी एका कागदावर प्रश्न लिहावेत. दारातून कोण आलं? गल्ल्यावर कोणाचे हात होते? गोदामातून काय बाहेर गेलं? जितके प्रश्न तितके कॅमेरे, आणि प्रत्येकाला त्याच्या प्रश्नापुरतीच लेन्स. संपूर्ण दुकान बघायची हौस असेलच तर एक रुंद कॅमेरा जरूर लावावा. त्याच्याकडून चेहऱ्यांची अपेक्षा धरू नये, गर्दी कुठून कुठे सरकली एवढंच तो सांगेल. महिन्यातून एकदा मागच्या आठवड्यातली पाच मिनिटं काढून बघावी, म्हणजे डिस्क चालू आहे, घड्याळ बरोबर आहे आणि कोळ्याने लेन्ससमोर संसार थाटलेला नाही, हे कळतं. एवढं केल्यावर आठ कॅमेऱ्यांच्या हिशेबातले बरेच पैसे शिल्लक राहतात. त्यांचं काय करावं असं विचाराल, तर गोदामाच्या मागच्या दाराचं कुलूप बदलावं. कॅमेरा चोर कसा आला ते दाखवतो. कुलूप त्याला येऊ देत नाही, आणि त्याला पासवर्डही लागत नाही.