सोनेरी कार्डावरचा पाहुणा

सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत सोनेरी दर्जा हवा असेल, तर सलग बारा महिन्यांत ५०,००० मैलांचा हिशेब पुरा करावा लागतो. मुंबई-सिंगापूर अंतर साधारण २,४०० मैल. म्हणजे सगळे मैल पदरात पडले तरी वर्षात दहा-अकरा वेळा जाऊन यायचं. एवढी वारी केल्यावर कंपनी प्रसन्न होते आणि थोडं जास्तीचं सामान, विमानात चढताना वेगळी रांग, आणि चांगी विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलवर एका लाउंजमध्ये बसायची परवानगी देते. बसायला माणूस कुठेही बसू शकतो, हे खरं. पण परवानगी काढून बसण्याची चव वेगळी.

आमच्या घरात ही परवानगी बायकोकडे आहे. ती कामानिमित्त सारखी उडत असते; मी जमिनीवरचा माणूस. लेक मेलबर्नला असल्यामुळे अधूनमधून दोघं मिळून जातो, सिंगापूरला विमान बदलतो, आणि मधल्या वेळात मी तिच्या कार्डावर आत शिरतो. कार्डधारकाला सोबत एक पाहुणा नेता येतो. काउंटरवरची मुलगी बायकोचं नाव घेऊन तिचं स्वागत करते, मग माझ्याकडे बघून ‘गेस्ट?’ असं विचारते आणि बायको मान डोलावते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपली नोंद पाहुणा म्हणून व्हावी, याचं सुरुवातीला जरा लागायचं. हल्ली मीच पुढे होऊन ‘येस, गेस्ट’ म्हणतो. पाहुण्याला निदान कोणी कामं सांगत नाही.

आत गेल्यावर कळतं की आतमध्येही पुष्कळ ‘आत’ आहेत. कंपनीच्या पहिल्या वर्गाचं तिकीट असलेल्यांसाठी ‘प्रायव्हेट रूम’. त्याखालोखाल सिल्व्हरक्रिस लाउंजचा फर्स्ट क्लास विभाग, मग त्याचाच बिझनेस विभाग, आणि सर्वांत शेवटी आम्ही सोनेरी. सोन्याला तळाशी बसवणारी ही जगातली एकमेव सराफी असावी. २०२२ साली नूतनीकरण होईपर्यंत या सोनेरी लाउंजला स्वतःचं स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं. शेजारी सिल्व्हरक्रिसमध्ये लोक शॉवर घेऊन ताजेतवाने होत, आणि इकडे पन्नास हजार मैल उडालेली माणसं निकड लागली की निमूट बाहेर पडून सर्वसामान्य जनतेत मिसळत. लोकशाही माणसाला अशी नेमक्या वेळी गाठते.

नेहमीचे उडणारे आत लगेच ओळखू येतात. दारातून आल्या आल्या ते खाण्याकडे बघत नाहीत, भिंतीकडे बघतात, कारण प्लग तिथे असतो. बायकोचंही तसंच. आधी फोन चार्जिंगला, मग वाटीभर सूप, पावाचा तुकडा, काकडीच्या चार चकत्या. की उघडला लॅपटॉप. मी मात्र ताट घेऊन पूर्ण प्रदक्षिणा घालतो. प्रत्येक झाकण उचलतो, चष्म्यावर वाफ येते, ती पुसून आत काय आहे ते बघतो, आणि काय आहे ते कळलं नाही तर चमचाभर घेतोच. नूडल्सवर करी, करीशेजारी भात, भाताच्या कडेला केक. बायको एकदा ताटाकडे बघते, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा पडद्याकडे. पन्नास हजार मैलांचं खरं चीज तिच्या नव्हे, माझ्या ताटात होतं हे दोघांनाही ठाऊक आहे.

मागे एकदा शेजारच्या सोफ्यावर एक तरुण गृहस्थ बसला होता. कोट काढलेला, बुटांच्या नाड्या सैल. समोर कॉफी गार होत होती आणि तो व्हिडिओ कॉलवर मुलाला अपूर्णांक शिकवत होता. कागदी रुमालावर नऊ छेद बारा लिहून त्यानं तो कॅमेऱ्यासमोर धरला. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. त्यानं डोकं खाजवलं, रुमाल उलटा केला, एक भाकरी काढली, तिचे बारा तुकडे केले आणि त्यातले नऊ काळे करायला घेतले. शाई फुटून सगळी भाकरीच काळी झाली. पलीकडून मूल खदखदून हसलं, तसा हाही हसला.

तेव्हापासून मला या लाउंजचं मर्म थोडंफार कळल्यासारखं वाटतं. सूप, वर्तमानपत्र, पाय पसरायला जागा, फोन लावायला प्लग, नावानं बोलावणारं कोणीतरी. ही सगळी यादी घराची आहे. जो घरापासून जास्तीत जास्त दूर राहील, त्याला कंपनी बक्षीस म्हणून घराचा छोटासा नमुना देते. तोही विमान सुटेपर्यंत.

ही युक्ती जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडमिरल्स क्लब’ काढला. सी. आर. स्मिथ तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. सुरुवातीला तिथे पैसे चालत नसत, आमंत्रण लागायचं. आणि पैसे टाकूनही मिळत नाही म्हटल्यावर मिळवायची धडपड कोण करणार नाही? पुढे पैसे भरून सभासद होता येऊ लागलं, आणि १९८१ मध्ये त्याच कंपनीनं प्रवाशांचे मैल मोजायला घेतले. त्यानंतर कोण किती मोठा, हे ठरवायला मैल हे माप सगळीकडेच चालू झालं. आपल्याकडे मात्र क्रेडिट कार्डवाल्या बँकांनी हे दार सताड उघडलं. कार्डावर दोन रुपये कापले की इडली-उपमा हवा तेवढा. मग व्हायचं तेच झालं. गर्दी चुकवायला काढलेल्या लाउंजबाहेर गर्दी जमू लागली, आणि बँकांनी ‘गेल्या तिमाहीत एवढा खर्च केला असेल तरच’ अशा अटी घालून दार पुन्हा अर्धवट लोटून घेतलं.

दाराची ओढ माणसाला कुठवर नेते, याचा विक्रम चांगीच्याच नावावर असावा. २०१६ मध्ये एक मलेशियन गृहस्थ तिथे १८ दिवस राहिला. इंटरनेटवरून बोर्डिंग पासची चित्रं उतरवायची, लॅपटॉपवर नाव बदलायचं, आणि एका लाउंजमधून दुसऱ्या लाउंजमध्ये जेवायला जायचं. पकडला गेला तेव्हा कोर्टानं त्याला दोन आठवड्यांची कैद दिली. मुक्काम आणि शिक्षा यांत चारच दिवसांचा फरक, म्हणजे सौदा तसा वाईट नव्हता. मला कुतूहल वेगळंच आहे. अठरा दिवस रोज तेच सूप त्यानं प्यायलं कसं?

गेल्या खेपेला काउंटरवर आमच्यापुढे एक मराठी कुटुंब होतं. मुलाच्या हातात सोनेरी कार्ड, मागे आई-वडील.

“बाबा, एकालाच नेता येतंय.”

“मग आईला ने. मला काय करायचंय आत?”

“अहो, तुम्ही जा. तुमच्या गोळ्यांची वेळ झालीय, पोटात काहीतरी हवं. मी बसते पिशव्यांपाशी.”

“मला कुठे भूक आहे? तूच मघापासून चहा चहा करतेयस.”

मुलगा मध्ये उभा. मागे रांग वाढत होती, काउंटरवरची मुलगी शिकवलेलं हसू तसंच धरून होती. पैसे भरून तिसऱ्याला नेता येईल का, हे त्यानं विचारून पाहिलं. आईनं आकडा कळायच्या आतच त्याला गप्प केलं. शेवटी तिघंही निघून गेले. कार्ड खिशात घालताना त्या मुलाचा चेहरा असा काही झाला होता, की मलाच माझ्या पाहुणेपणाची लाज वाटली.

बायकोचं काम चालू होतं, म्हणून मी जरा पाय मोकळे करायला बाहेर पडलो. चांगीची गंमत अशी की तिथे बाहेर आतल्यापेक्षा बरं आहे. पाय चेपून देणारी यंत्रं फुकट, सिनेमा फुकट, आणि याच टर्मिनलमध्ये फुलपाखरांची बागही फुकट. ते कुटुंब मला त्या बागेत दिसलं. वडिलांच्या बाहीवर एक काळंनिळं फुलपाखरू येऊन बसलं होतं आणि ते हात न हलवता, ओठही फारसे न हलवता बायकोला हाका मारत होते. बाहेर आल्यावर आईनं पिशवीतून डबा काढला. तिखटमिठाच्या पुऱ्या, सोबत लिंबाचं गोड लोणचं. ओळखीचं हसलो, तशी एक माझ्याही हातावर आली. “आत काय काय असतं हो?” वडिलांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, “सूप.” ते मुलाकडे वळून म्हणाले, “बघ!” मुलगा पहिल्यांदाच मोकळा हसला.

परत आलो तर बायकोनं लॅपटॉप मिटला होता आणि ती फोनवर आपल्या मैलांचा हिशेब बघत होती. लाउंजमध्ये विमानाची घोषणा होत नाही, त्यामुळे वेळेवर उठायची जबाबदारी आपली. ती तिनंच पार पाडली. विमानात आमच्या जागा पार मागे होत्या. दारात मिळालेला मान तिकीट बदलत नाही. तिला कडेची सीट, मला मधली. पट्टा लावून होतो न होतो तोच ती म्हणाली, “या तिकिटाचे निम्मेच मैल धरणार. स्वस्तातलं आहे ना.”

“मग?”

“मार्चपर्यंत एक फेरी कमी पडतेय. नाहीतर सोनेरी जाईल.”

“जाऊ दे की.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत म्हणाली, “फेब्रुवारीत सिंगापूरला एखादी मीटिंग काढता येईल.”