टाळेबंदीतील संदर्भशोध : पाबळस्थित अभ्यासकासाठी काही नियम

सामाजिक शास्त्रांत संदर्भसाधन म्हणजे ज्याच्या आधारावर अभ्यासक आपले विधान उभे करतो आणि विधान कोसळल्यास ज्याच्या माथी दोष मारतो, अशी कोणतीही नोंद, ग्रंथ, अहवाल वा आकडेवारी होय. शांततेच्या काळात ही साधने पुण्यातील ग्रंथालयांत असतात आणि एसटीच्या वेळापत्रकाशी त्यांचा घनिष्ठ संबंध असतो. कोविड साथीच्या काळात एसटी बंद, ग्रंथालय बंद, आणि शेजारच्या केंदूर गावाच्या बाजूचा रस्ता बाभळीच्या फांद्या टाकून गावकऱ्यांनीच बंद केलेला, अशी तिहेरी अडचण उभी राहिल्यामुळे पुणे जिल्ह्यातील पाबळ गावच्या अभ्यासकाला इंटरनेटकडे वळण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. त्याच्या सोयीसाठी पुढील पद्धती सुचविण्यात येत आहे.

सर्वप्रथम स्थाननिश्चिती करावी. स्थाननिश्चिती म्हणजे घरातील ज्या बिंदूवर मोबाईलची रेंज निदान दोन रेघांची असते तो बिंदू शोधणे. तो बहुधा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेस आढळतो आणि ऊन चढल्यावर तेथे बसवत नाही. थ्री फेजची वीज येण्याची वेळही वहीत नोंदवून ठेवावी, कारण त्या वेळी घरातील कर्ती माणसे मोटर चालू करायला मळ्यात जातात आणि ‘दिवसभर मोबाईलमध्ये काय बघतोस’ हा प्रश्न, ज्याला संशोधनपद्धतीच्या कोणत्याही ग्रंथात समाधानकारक उत्तर नाही, काही तासांपुरता टळतो.

यानंतर शोधशब्द ठरवावा लागतो, आणि बहुतेक अभ्यासकांचा घात येथेच होतो. केवळ ‘पाबळ’ असे लिहिले असता मस्तानीची समाधी हाती लागते, पुन्हा लिहिले असता पुन्हा मस्तानी, आणि तिसऱ्या खेपेस तिच्यावरचा २०१५ सालचा चित्रपट. अधिक चिकाटी दाखविणाऱ्यास डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली येथे सुरू केलेला विज्ञान आश्रम सापडतो, ज्याचा हाताने काम करीत शिकण्यावर भर असल्यामुळे गच्चीवर बसून संदर्भ गोळा करणाऱ्याला थोडे ओशाळल्यासारखे होते. खरी गोम अशी की, जुन्या दप्तरांत गावे आजच्या नावांनी राहत नाहीत. इंग्रजी कागदांत शिरूर हे ‘सिरूर’ आहे, दौंड हे ‘धोंड’ आहे, पुणे तर अर्थातच ‘पूना’ आहे. आणि दौंड तालुक्याचा इतिहास हवा असेल तर दौंड हे नाव विसरून ‘भीमथडी’ म्हणजे भीमेकाठचा मुलूख असे शोधावे लागते. १८७५ साली सावकारांची खतपत्रे जाळणाऱ्या शेतकऱ्यांचे जे ‘दख्खनचे दंगे’ तेव्हाच्या भीमथडीतील सुपे येथून सुरू झाले आणि शिरूरच्या गावांपर्यंत पोहोचले, त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल ‘दौंड’ या शब्दाने शोधणाऱ्यास तो अस्तित्वातच नाही असे वाटेल. तात्पर्य, शोधयंत्राला काय विचारायचे हे ठरवण्याआधी दीडशे वर्षांपूर्वीचा कारकून त्या गावाचे नाव कसे लिहीत होता, हे ठाऊक असले पाहिजे. आणि ते ठाऊक असण्यासाठी तो कागद आधीच सापडलेला असावा लागतो. हा अन्योन्याश्रय दोष आहे हे मान्य करून पुढे जावे.

कागद कोठे सापडतात, याविषयी फार खल करण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड, तीन भागांत, १८८५ साली पुणे जिल्ह्यावर निघाला, आणि गॅझेटियर म्हणजे जिल्ह्यातील पीकपाण्यापासून जातीपातींपर्यंत सर्व गोष्टींची सरकारी जंत्री असल्यामुळे त्याच्यावर कोणताही प्रबंध निभावतो. ज्या दिवशी, म्हणजे २४ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी जाहीर झाली, त्याच दिवशी अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्हने सुमारे चौदा लाख पुस्तके वाट पाहण्याची यादी न ठेवता वाचायला देणारे ‘आणीबाणीचे ग्रंथालय’ उघडले. प्रकाशकांनी दावा लावल्यावर ते १६ जूनला मिटले. पाबळच्या अभ्यासकाने या अवधीत नेमके काय वाचले असा प्रश्न मौखिक परीक्षेत निघाल्यास नेटपॅकच्या दैनिक मर्यादेकडे बोट दाखवावे.

भारतीय प्रबंधांचे भांडार म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालविलेली ‘शोधगंगा’. येथे प्रबंध अखंड मिळत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो: पहिली फाईल मुखपृष्ठाची, दुसरी प्रमाणपत्राची, तिसरी प्रतिज्ञापत्राची, त्यानंतर ऋणनिर्देश. नवशिका अभ्यासक क्रमाने उतरवू लागतो आणि दिवसाचा डेटा संपतो तेव्हा त्याच्यापाशी एका अपरिचित संशोधकाने आपल्या मार्गदर्शकांचे, आईवडिलांचे आणि टंकलेखकाचे मानलेले आभार जमा झालेले असतात. अनुभवी अभ्यासक थेट शेवटची फाईल उघडतो, कारण संदर्भसूची बहुधा तेथे असते आणि ती उचलण्यास प्रबंध वाचण्याची पूर्वअट नाही. मराठी प्रबंधांत आणखी एक परीक्षा असते: युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला मजकूर नकलून घेतला की ‘ग्रामीण समाजरचना’ याऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांची मिसळ समोर येते. ती लिपीशास्त्राचा विषय म्हणून बाजूला ठेवावी.

आकडेवारीसाठी जनगणना. १ एप्रिल २०२० पासून घरयादीचा टप्पा सुरू व्हायचा होता, तो साथीमुळे पुढे ढकलला गेला, म्हणून गावाची लोकसंख्या २०११ चीच द्यावी. दशकभरात जन्मलेली मुले त्यामुळे अभ्यासाच्या बाहेर राहतात. गच्चीखाली त्यांची ऑनलाइन शाळा एकाच मोबाईलवर चालू असल्याने ती अस्तित्वात नाहीत असे समजणे मात्र कठीण जाते. राज्यातील या बंदीला ज्या कायद्यांचा आधार होता त्यांपैकी साथरोग कायदा १८९७ चा आहे, मुंबईच्या प्लेगनंतर घाईने केलेला, आणि महाराष्ट्राने तो १३ मार्च २०२० रोजी पुन्हा लागू केला; म्हणजे या एका बाबतीत प्राथमिक साधन स्वतःच अभ्यासकापर्यंत चालत येते, व पोलीस पाटील ते समजावून सांगतात.

राहिले क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत जाऊन, पाहून-विचारून माहिती जमविणे. ते अशक्य झाल्यावर जगभरचे समाजशास्त्रज्ञ हवालदिल झाले, तेव्हा ऑस्ट्रेलियातील डेबोरा लप्टन यांनी मार्च २०२० मध्ये एक सामाईक दस्तऐवज खुला करून फोनवरच्या मुलाखती, रोजनिशी, छायाचित्रे अशा पर्यायांची यादी सर्वांकडून भरून घेतली. ती यादी उपयुक्त आहे. तथापि पाबळच्या अभ्यासकाने तिच्याआधी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे एकेकाळचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांच्याकडे जावे. मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली, आणि ना. वि. कानिटकरांसह केलेली दुसरी पाहणी १९२१ साली, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतर तीनच वर्षांनी. हे दुसरे गाव जातेगाव बुद्रुक, पाबळच्याच शिरूर तालुक्यातले. जमिनीचे तुकडे वारसागणिक कसे पडत गेले आणि कर्ज कोणाच्या डोक्यावर किती होते, हे त्यांनी घरोघरी विचारून लिहिले. जगभरच्या भांडारांतून फिरून आलेल्या अभ्यासकाला शेजारच्या गावाची माहिती अशी सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरवरून मिळते, याला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात.

अशा जुन्या ग्रंथांविषयी एक सूचना आवश्यक आहे. त्यांतील शेतांचे मोठे नकाशे घडी घालून बांधलेले असतात आणि स्कॅन करणारा घाईत असल्यास ते घडीतच टिपले जातात; मग पडद्यावर नकाशाऐवजी त्याची पाठ, तिच्यावर उमटलेली शाई आणि कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा दिसतो. त्या अंगठ्याखाली कोणाचे शेत आहे हे कळण्याचा ऑनलाइन मार्ग उपलब्ध नाही. अशा वेळी तोंडाला उपरणे बांधून बाभळीच्या फांद्यांपर्यंत जावे, पलीकडे राखणीला बसलेल्या आजोबांना सहा फुटांवरून हाक मारून ओढ्याकाठची जमीन कोणाच्या वाट्याला आली ते विचारावे, आणि ते जे सांगतील ते, मध्येच ‘तू कुणाचा रे?’ असे विचारतील तेही धरून, ‘दूरस्थ मुलाखत’ या सदरात नोंदवावे.