ठोक भावात शाळा

सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने शाळा दत्तक द्यायचे ठरवले. देणगीदाराचे नाव शाळेला जोडण्याचा दर नगरपरिषद आणि ग्रामीण भागात ५ वर्षांना ५० लाख, १० वर्षांना १ कोटी. मोठ्या महापालिकांत २ आणि ३ कोटी. म्हणजे ठोक खरेदीची सूट मुंबईला. बालकवींच्या धरणगावला मात्र एकच भाव! शेजारच्या अमळनेरात शाळेला प्रतापशेठजींचे नाव आहेच की. पण लोकांना आठवतात ते तिथे शिकवणारे साने गुरुजी. दत्तक घेणारा रंग देईल, बाक देईल, मास्तर?

देणगीदाराऐवजी पालकांना शाळेचे भागीदार व्हायचे असेल तर भाऊ, व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवून भागणार नाही. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. पुढच्या बैठकीला चहाच्या आधी पोहोचा, आणि कागद वाचूनच सही करा.